बंद लॅपटॉपची बॅटरी उतरणे

लॅपटॉप रीतसर बंद करून चार्जरविना ठेवला असताना त्याच्या बॅटरीतील चार्ज कमी होणे. अशी थोडीफार घट प्रत्येक लॅपटॉपमध्ये होते आणि तो बिघाड नव्हे. रात्री शंभर टक्के दाखवणारी बॅटरी सकाळी नव्वदवर आली, तर मात्र शोध घ्यावा लागतो.

लिथियम-आयन सेल कशालाही न जोडता कपाटात ठेवला, तरी आतल्या मंद रासायनिक क्रियांमुळे महिन्याला साधारण एक ते तीन टक्के उतरतो. नव्वदच्या दशकातील लॅपटॉपमध्ये असणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड बॅटऱ्या याच काळात वीस टक्क्यांहून अधिक गमावू शकत, त्या मानाने हे काहीच नाही. समजा, बॅटरी ५० वॉट-तासांची आहे. महिन्याला २ टक्के म्हणजे १ वॉट-तास. ७२० तासांत विभागला की जेमतेम १.४ मिलिवॉट. आता वरचे उदाहरण घ्या: दहा तासांत दहा टक्के, म्हणजे ५ वॉट-तास, म्हणजे सतत अर्धा वॉट. देवघरात रात्रभर जळणारा एलईडीचा झिरो बल्ब साधारण तेवढीच वीज घेतो. सुमारे साडेतीनशे पटींचा हा फरक सेलच्या स्वभावाने पडत नाही. एक तर सेल खराब झालेला असतो, नाहीतर लॅपटॉपच्या आत काहीतरी चालू असते.

लॅपटॉपचे पॉवर बटण पंख्याच्या बटणासारखे तार तोडत नाही. ते फक्त इशारा देते. तो इशारा ऐकायला कोणीतरी जागे असावे लागते. हे काम मदरबोर्डावरील एम्बेडेड कंट्रोलर ही छोटी चिप करते. घड्याळ चालू ठेवणारे सर्किटही जागे असते. त्याला काही लॅपटॉपांत नाण्याएवढा वेगळा सेल असतो, काहींत मुख्य बॅटरीच पुरवठा करते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात ‘बंद’चे प्रकारच वेगळे केले आहेत: एस-३ म्हणजे झोप, एस-४ म्हणजे हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणे), एस-५ म्हणजे नेहमीचे शटडाउन, आणि जी-३ म्हणजे वीज खरोखर तोडलेली अवस्था. आपण ज्याला बंद म्हणतो ते बहुधा एस-५ असते. या अवस्थेत चांगला लॅपटॉप काही मिलिवॉटांवर भागवतो.

त्याहून जास्त वीज जाते ती सोयींपायी. काही लॅपटॉपांत एक यूएसबी पोर्ट बंद अवस्थेतही मोबाइल चार्ज करून देतो. त्याच्याशेजारी बहुधा विजेची खूण असते. त्यात माउसचा रिसीव्हर विसरला, की तोही रात्रभर वीज घेतो. वेक-ऑन-लॅन चालू असेल, तर नेटवर्क चिप आपल्या नावाच्या ‘जागे हो’ संदेशाची वाट पाहत राहते. कार्यालयातल्या डेस्कटॉपला ही सोय कामाची. घरच्या लॅपटॉपला क्वचितच. दोन्ही गोष्टी बहुधा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करता येतात.

विंडोज ८ पासून (२०१२) आलेल्या फास्ट स्टार्टअपवर सगळा दोष टाकण्याची रीत आहे. ते पूर्ण खरे नाही. या पद्धतीत शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, आणि डिस्कवरची फाइल वीज खात नाही. पण एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) अशा अर्धवट शटडाउनमध्ये नीट वागला नाही, तर तो भाग पुरता बंद होत नाही. शटडाउन करून पुन्हा सुरू केल्यावरही टास्क मॅनेजरमधला अपटाइम (विंडोज सलग चालू असल्याचा वेळ) शून्यावर आला नसेल, तर फास्ट स्टार्टअप चालू आहे असे समजावे. शिफ्ट दाबून शटडाउन केल्यास ते टळते. रीस्टार्टमध्ये तर ते वापरलेच जात नाही.

बऱ्याच तक्रारींत लॅपटॉप बंद नसतोच, फक्त झाकण मिटलेले असते. मॉडर्न स्टँडबाय ही नव्या प्रकारची झोप असलेला लॅपटॉप झोपेतही इंटरनेट धरून ठेवू शकतो, आणि बॅगेतून काढताना तो गरम लागला तर शंकेला जागा उरत नाही.

कधी वीज गेलेलीच नसते, चुकतो तो आकडा. जुन्या बॅटरीची क्षमता मोजणारी चिप अंदाजाने चालते आणि लॅपटॉप सुरू होताच अंदाज सुधारून घेते. बॅटरी निघणारी असेल, तर ती काढून एक दिवस बाहेर ठेवावी. तरीही तेवढीच उतरली तर दोष बॅटरीत. नाही उतरली तर लॅपटॉपच्या बाजूला. सेटिंग तपासूनही घट थांबत नसेल, तर बोर्डावर विजेची गळती असू शकते. चहा-पाणी सांडून गंजलेला बोर्ड हे त्याचे नेहमीचे कारण.

महिनोन्‌महिने ठेवायचा लॅपटॉप निम्म्या चार्जवर, थंड जागी ठेवावा. उन्हाळ्यात विदर्भातल्या बंद खोलीत उतरण्याचा वेग वाढतो, शिवाय सेलची क्षमताही कायमची घटते. बॅटरी पार रिकामी होऊन तशीच पडून राहिली, तर संरक्षक सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. म्हणून थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये आतली बॅटरी तोडून ठेवण्याचा पर्याय असतो. चार्जर लावला की ती पुन्हा जोडली जाते. कारखान्यातून निघतानाही अनेक लॅपटॉप असेच बॅटरी तोडून पाठवतात, आणि मग खोक्यातून काढलेला नवा लॅपटॉप चार्जर लावेपर्यंत बटणाला दाद देत नाही.