ना दर्याचा, ना नारळ

पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात वेखंड, मुरुडशेंग, डिकेमाली यांच्या बरण्यांच्या रांगेत कधीकधी एक वेगळाच ऐवज दिसतो. करवंटीच्या आत चिकटलेला, फुटक्या कपाच्या तुकड्यासारखा बाक असलेला पांढरट खोबऱ्याचा तुकडा. खोबरं म्हणायचं ते केवळ दिसायला. नखानं ओरखडा उठत नाही, काउंटरवर टाकला तर खडा पडल्यासारखा टणकन वाजतो. दुकानदार सांगतो, ‘दर्याचा नारळ. सहाणेवर उगाळून द्यायचा, उलट्या थांबतात.’ शेजारच्या बरणीत सागरगोटे असतात. तेही नावानं समुद्राचेच, पण सागरगोटा बिचारा किनाऱ्यावरच्या काटेरी वेलीचा. दर्याच्या नारळाची गोष्ट त्याहून लांबची आहे, आणि तिच्यातली निम्मी लोकांनी कल्पनेनं रचलेली आहे.

अख्खा नारळ पाहिला की ती का रचली गेली ते कळतं. वरचं सोडण काढल्यावर आतून जे निघतं ते एक नसून दोन नारळ जोडून ठेवल्यासारखं दिसतं. काळंभोर, गुळगुळीत, मधे खोल फट. स्त्रीच्या कमरेखालच्या भागाशी त्याचं साम्य इतकं उघड आहे की ते न बोलता पुढे जायचं म्हटलं तरी जमत नाही. वजन पंधरा-वीस किलोच्या घरात. जगातल्या कुठल्याही वनस्पतीचं बी एवढं मोठं नाही.

आता अशी वस्तू समुद्रातून वाहत येऊन वाळूत पडलेली सापडली, आणि ती ज्याला लागते ते झाड जगात कुणीच पाहिलेलं नाही, तर माणसं काय करतील? अनेक शतकं हीच परिस्थिती होती. हे नारळ सर्वांत जास्त मालदीवच्या किनाऱ्यांना लागत, काही आपल्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांनाही. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो. दर्याही कधीतरी उलट देतो, असंच किनाऱ्यावरच्या माणसाला वाटलं असणार. झाड जमिनीवर नाही, म्हणजे ते समुद्राच्या तळाशी असलं पाहिजे, हा निष्कर्ष त्या काळच्या माहितीत चुकीचा म्हणता येत नाही.

या समजुतीची लेखी नोंद गोव्यात झाली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. मुंबई बेट काही काळ याच्याकडेच खंडानं होतं. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर त्यानं प्रश्नोत्तरांच्या रूपात एक पुस्तक लिहिलं आणि ते १५६३ मध्ये गोव्यातच छापून निघालं. त्यात साध्या नारळाबरोबर ‘मालदीवच्या नारळा’चीही चर्चा आहे. विषावर उतारा म्हणून बडी माणसं तो बाळगतात, हे तो नोंदवतो. झाडाबद्दल ऐकलेली हकिगतही देतो. ही बेटं म्हणे पूर्वी सलग जमीन होती, सखल भाग पाण्याखाली गेला, तिथले माड बुडाले आणि त्यांचे नारळ आता वर येतात. ओर्ताची ही बुडालेली जमीन लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

याच पुस्तकात गोव्यात राहणाऱ्या एका कवीची एक रचना छापलेली आहे. तो कवी लुईश द कामोंइश. त्याचं महाकाव्य १५७२ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या शेवटच्या सर्गात मालदीवच्या समुद्रात खोल पाण्याखाली वाढणारं झाड आहे, ज्याचं फळ विषाला उतारा आहे. मांडवीच्या काठावर ऐकलेली गोष्ट पोर्तुगालच्या राष्ट्रीय काव्यात जाऊन बसली ती अशी.

मालदीवमध्ये मात्र हा काव्याचा विषय नव्हता, महसुलाचा होता. फ्राँस्वा पिरार हा फ्रेंच माणूस १६०२ मध्ये जहाज फुटून तिथे अडकला आणि सुमारे पाच वर्षं राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की किनाऱ्याला लागलेला प्रत्येक नारळ राजाचा. सापडला तर मुकाट्यानं नेऊन द्यायचा, लपवला तर शिक्षा. एखादा माणूस अचानक श्रीमंत झाला की शेजारी म्हणत, याला तो नारळ सापडला असणार. आपल्याकडे अशा माणसाला गुप्तधन सापडलं म्हणतात, तसंच.

पूर्वेकडे कथेला आणखी फांद्या फुटल्या. सतराव्या शतकात आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियसनं तिथली समजूत नोंदवली ती अशी. जावाच्या दक्षिणेला समुद्राच्या तळातून एक झाड वर येतं, त्याच्यावर गरुड राहतो, तो रात्री बेटांवर उडत जाऊन हत्ती-गेंडे पंजात धरून आणतो, आणि त्या बाजूला गेलेलं जहाज प्रवाहात ओढलं जाऊन परत येत नाही. पक्ष्याचं नाव खरोखरच ‘गेरुडा’ असं दिलंय. विष्णूचं वाहन इतक्या लांब, एका नारळाच्या झाडावर जाऊन बसलं याची मला अजूनही गंमत वाटते. रुम्फियस स्वतः कसलेला वनस्पतीतज्ज्ञ. गरुडाची गोष्ट त्यानं ऐकीव म्हणून बाजूला ठेवली, पण फळ समुद्रातच वाढतं हे त्यालाही मान्य होतं.

अशा वस्तूला किंमत किती यावी? जावातल्या बांतामच्या सुलतानानं एका डच दर्यासारंगाला असा एक नारळ भेट दिला होता. प्रागचा सम्राट रुडॉल्फ दुसरा यानं तो सारंगाच्या घरच्यांकडून ४,००० सुवर्ण फ्लोरिन मोजून घेतला, असं सांगतात. रुडॉल्फच्या दरबारी सोनारानं अशाच एका नारळाचा अर्धा भाग चांदीत मढवून केलेली सुरई आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. इकडे इराण-हिंदुस्थानात मात्र याच नारळाचा उपयोग अगदी उलट्या टोकाच्या माणसांसाठी झाला. आडवा कापला की होडीच्या आकाराचा कटोरा तयार होतो. फकीर-दरवेश तो साखळीनं हातात अडकवून भिक्षा मागत. त्याला कश्कोल म्हणतात. आपल्याकडच्या साधूंचे काळे कमंडलूही याचेच असत. लाटेवर सोडून दिलेली वस्तू ज्याची त्याची होते, तेव्हा निरिच्छ माणसाच्या हातात ती शोभलीही असेल.

हे सगळं १७६८ मध्ये संपलं. मॉरिशसहून निघालेल्या फ्रेंच मोहिमेतली माणसं हिंदी महासागरातल्या सेशेल्स या द्वीपसमूहातल्या प्रालँ बेटावर उतरली. तिथल्या दरीत तीस-तीस मीटर उंचीची झाडं, पंख्यासारखी अवाढव्य पानं आणि त्यांच्या खाली लटकलेले हिरवे घड. फळ ओळखायला वेळ लागला नाही. शेजारचं क्युरियूझ नावाचं एक छोटं बेट सोडलं तर पृथ्वीच्या पाठीवर हे झाड आपणहून कुठेच वाढत नाही. झाड सापडलं आणि थोड्याच काळात एका कप्तानानं जहाज भरून नारळ हिंदुस्थानच्या बाजारात आणले. भाव कोसळला. राजानं शिक्षेचा धाक घालून जपलेली वस्तू गोणीनं विकायला आली म्हटल्यावर दुसरं काय होणार.

हे आजही आपल्या डोळ्यांसमोर होतं. ड्रॅगन फ्रूट पहिल्यांदा मॉलमध्ये आलं तेव्हा एकेक नग फोमच्या जाळीत गुंडाळून ठेवलेला असे. गुलाबी अंगाला हिरव्या ज्वाळा फुटल्यासारखं ते फळ पाहून लोक फोटो काढत. आहे ते मध्य अमेरिकेतलं वेलासारखं चढणारं निवडुंग. फूल रात्री उमलतं, सकाळी मान टाकतं. सांगली-सोलापूरच्या कमी पाण्याच्या रानात सिमेंटच्या खांबांवर ते चढलं, २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तडसरचा माल दुबईला गेला, गुजरात सरकारनं त्याचं ‘कमलम्’ असं बारसंही केलं. आता ते हातगाडीवर पेरूशेजारी असतं आणि कुणी फोटो काढत नाही.

दर्याच्या नारळाच्या बाबतीत मात्र झाड सापडल्यानं गूढ कमी झालं नाही, नुसतं सरकलं. इंग्रज सेनानी चार्ल्स गॉर्डन १८८१ मध्ये प्रालँला गेला आणि ती दरी पाहून त्याची खात्रीच पटली की बायबलमधली ईडनची बाग ती हीच आणि ज्ञानवृक्ष तो हाच. सेशेल्सचे लोक वेगळं सांगतात. या झाडांत नर-मादी वेगळे. नराला हातभर लांबीचा, माणसाच्या लिंगासारखा दिसणारा तुरा येतो. वादळी रात्री नर झाडं मुळं उपटून मादीकडे चालत जातात आणि ते दृश्य ज्यानं पाहिलं तो वाचत नाही. साक्षीदार जिवंत राहत नसेल तर बातमी कुणी आणली, असं विचारायचं नसतं.

खरी हकिगत यापेक्षा कमी नवलाची नाही. पहिलं म्हणजे, ताजं फळ पाण्यात बुडतं. जे तरंगत मालदीवला जायचे ते आतून कुजून पोकळ झालेले नारळ. म्हणजे जे पोचायचे ते कधीच रुजणार नव्हते आणि जे रुजू शकत होते ते कधीच पोचणार नव्हते. साधा नारळ समुद्रावर स्वार होऊन अर्ध्या जगात पसरला, आणि ज्याला नावच दर्याचं मिळालं तो दोन बेटांच्या बाहेर पडू शकला नाही.

मग एवढं अवजड बी करून झाडाला काय मिळालं? प्रालँची माती निकृष्ट आहे. शिवाय दाट पानांमुळे खाली उजेड जेमतेम. अशा जागी रोपाला तग धरायची तर बरोबर मोठी शिदोरी हवी. फळ झाडावर पिकायलाच सहा-सात वर्षं लागतात आणि उगवलेलं रोप पुढे दीर्घकाळ त्याच साठ्यावर जगतं. पानांची रचनाही पाहण्यासारखी आहे. मोठं पान म्हणजे एक उघडलेली छत्री आणि देठ म्हणजे कौलारू घराची पन्हळ. पावसाचं पाणी, त्याच्याबरोबर पराग, पक्ष्यांची शीट, पालापाचोळा असं सगळं वाहत बुंध्याशी जमतं. झाड स्वतःच्या पायाशी स्वतःच खत घालतं, आणि तिथेच त्याचं पोर वाढतं. लांब जाऊन पडण्यात या बियाचा काही फायदाच नाही.

आणि हे नारळही नव्हे. माडाच्या एकाच झाडावर नर-मादी दोन्ही फुलं येतात. नर-मादी झाडं वेगळी असणारं, पंख्यासारख्या पानांचं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे ताड. वनस्पतीशास्त्रानुसार दर्याचा नारळ ताडाच्याच उपकुळातला आहे. वसई-विरारकडून मुंबईत येणारे ताडगोळे आठवा. एप्रिल-मे महिन्यांत रस्त्याच्या कडेला बसलेली बाई कोयत्यानं जांभळट-काळं फळ उघडते आणि आतून थंडगार, काचेसारखे गोळे अंगठ्यानं अलगद बाहेर काढते. दर्याच्या नारळाचं कोवळं फळ फोडलं तर आत अगदी असाच थलथलीत गर असतो. तो पुढे सुकून दुकानातल्या तुकड्यासारखा दगड होतो. ताडाची आठळी जमिनीत रुजताना जशी आधी लांब नळी खोल सोडते आणि कोंब तिच्या टोकाला येतो, तसंच हेही बी करतं. फक्त इथे ती नळी काही मीटर लांब जाते. विष्णूचा गरुड ज्या झाडावर बसवला ते आपल्या ताडाचं भावंड निघालं.

आता ओर्ताची बुडालेली जमीन. सेशेल्समधली प्रालँ, माहे ही बेटं प्रवाळाची नाहीत आणि ज्वालामुखीचीही नाहीत. ती सुमारे ७५ कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटची, म्हणजे एका खंडाचा तुटका तुकडा आहेत. हा तुकडा एके काळी आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा पत्थर लाव्हारूपानं ओतला जात होता, त्याच सुमाराच्या उलथापालथीत तो सुटला आणि मागे राहिला. आपण उत्तरेकडे सरकलो. सेशेल्समधल्या काही बेटांवर त्याच काळातले अग्निजन्य खडक सापडतात. तुकड्याचा बराचसा भाग आज पाण्याखाली आहे आणि डोंगरमाथे तेवढे बेटं म्हणून वर उरलेत. या ताडाचा पूर्वज तुकड्यावर बसून गेला की मागाहून पोचला हा वाद वेगळा. पण मालदीवच्या नावावर ओर्तानं लिहून ठेवलेली बुडालेली जमीन खरोखर होती, जागा चुकली एवढंच. नाव देतानाही तीच चूक झाली. शास्त्रीय नावात आजही ‘माल्दिविका’ आहे, जिथे हे झाड कधीच नव्हतं.

प्रालँची ती दरी १९८३ पासून जागतिक वारसा आहे आणि सेशेल्सला उतरलात तर पासपोर्टवर याच नारळाच्या आकाराचा शिक्का उमटतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ मध्ये लावलेलं एक झाड होतं. ते मादी निघालं आणि जवळपास नर नाही. अखेर परदेशातून पराग मागवून हातानं परागीकरण केलं, तेव्हा २०१३ नंतर त्याला दोन फळं धरली. शंभराहून जास्त वर्षांनी.

सेशेल्समधून आज नारळ बाहेर न्यायचा तर सरकारी परवाना लागतो. प्रत्येक नारळावर क्रमांक असतो आणि कागदाशिवाय विमानतळावर तो काढून घेतात. झाड धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे. औषधासाठी गर चोरून विकणारे आहेत म्हणूनच ही कडक व्यवस्था. मी दुकानदाराला विचारलं, ‘हे येतं कुठून?’ त्यानं तराजूतला तुकडा कागदात बांधता बांधता उत्तर दिलं, ‘समुद्रातून.’