सहा सिलिंडर, दोन-तीन कार्ब्युरेटर: एका खटाटोपाची पार्श्वभूमी

एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन चालायला मऊ असतं, पण त्याला सारखा श्वास देणं अवघड. कारण त्याची लांबी. मधोमध एकच कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून देणारं यंत्र) बसवला तर तिसरा आणि चौथा सिलिंडर त्याच्या समोर येतो, पहिला आणि सहावा दूर टोकाला पडतो. हवा वळणावर वळते. तिच्याबरोबर निघालेले पेट्रोलचे थेंब जड असतात, ते सरळ जातात, मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या फाटे फुटलेल्या नळीच्या, थंड भिंतीवर आपटतात आणि ओघळत कुठल्या तरी एका सिलिंडरकडे जातात. कुणाला मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) मिळतं, कुणाला लीन (पेट्रोल कमी). लीन सिलिंडर तापून जळू नये म्हणून मेकॅनिक सगळ्यांचंच मिश्रण रिच करतो आणि उरलेले विनाकारण पेट्रोल पितात.

दुसरा कार्ब्युरेटर आला तो या वाटणीसाठी. ताकदीचं श्रेय त्याला पुढे जाहिरातींनी दिलं. बॉनेट उघडून कार्ब्युरेटर मोजणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही, पण या गाड्यांचा इतिहास नीट पाहिला तर नुसत्या मोजणीतून फारसं काही कळत नाही असंच दिसतं.

याचं गणित फायरिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमात आहे. बहुतेक सरळ-सहा इंजिनांचा क्रम १-५-३-६-२-४ असतो. एक कार्ब्युरेटर पुढच्या तिघांना आणि एक मागच्या तिघांना दिला, तर हा क्रम पुढचा-मागचा, पुढचा-मागचा असा आळीपाळीने चालतो. प्रत्येक कार्ब्युरेटरवर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दर २४० अंशांनी एक ओढ येते, अगदी समान अंतराने. इनटेक व्हॉल्व्ह साधारण तेवढेच अंश उघडा असतो. म्हणजे एकाचा व्हॉल्व्ह मिटत येतो तेव्हा दुसऱ्याचा उघडतो. त्यामुळे कार्ब्युरेटर तिघांचा असला तरी जवळजवळ प्रत्येक क्षणी तो एकालाच पुरवत असतो.

तीन कार्ब्युरेटर लावून १-२, ३-४, ५-६ अशा जोड्या केल्या की हा ताल बिघडतो. मधल्या कार्ब्युरेटरवर दर ३६० अंशांनी ओढ येते, ती ठीकच. पण दोन्ही टोकांच्या कार्ब्युरेटरवर एक ओढ २४० अंशांनी आणि पुढची ४८० अंशांनी येते. एकदा घाई, एकदा लांबलचक थांबा. तिन्ही एकाच मापाचे, एकाच सुईचे (पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या सळईचे) असूनही आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालतं तेव्हा, मधला वेगळा वागतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. मॅनिफोल्डच्या फांद्यांना जोडणारी बॅलन्स पाइप हा चढउतार काहीसा सपाट करते. जुन्या गाडीत ती तुंबलेली असेल तर स्क्रू कितीही फिरवा, इंजिन एका लयीत टिकत नाही.

फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरची सुरुवात १८९३ची. त्या वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी स्वतंत्रपणे ती वाट शोधली. सहा सिलिंडरांवर अनेक कार्ब्युरेटर ही रचना १९३०च्या दशकात नेटकी झाली. बीएमडब्ल्यूने १९३४च्या ३१५/१ या दीड लिटरच्या गाडीवर सोलेक्स बनावटीचे तीन कार्ब्युरेटर बसवले. १९३६च्या ३२८ मध्ये तर ते थेट हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) माथ्यावर, तिरक्या व्हॉल्व्हच्या दोन रांगांमध्ये उभे केले. १९७१ सीसी, ८० अश्वशक्ती. महायुद्धानंतर हीच रचना ब्रिस्टलने इंग्लंडात उचलली.

इंग्लंडची स्वतःची परंपरा मात्र एसयूची (स्किनर युनियनची), आणि जुन्या सहा सिलिंडर गाड्यांशी खेळणाऱ्याची गाठ सर्वांत जास्त याच कार्ब्युरेटरशी पडते. स्किनर बंधूंची ही कल्पना १९०५च्या सुमाराची. कंपनी १९१० साली उभी राहिली, १९२६ मध्ये ती विल्यम मॉरिस यांनी घेतली. स्किनर घराण्याचा व्यवसाय बूट-जोड्यांचा, आणि सुरुवातीच्या एसयूमध्ये हवेच्या ओढीवर हलणारा भाता चामड्याचाच होता. नंतर त्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर सरकतो आणि जेटवरून (पेट्रोल बाहेर येतं त्या छिद्रावरून) जाणाऱ्या हवेचा वेग कायम राखतो. पिस्टनखाली निमुळती सुई, तिच्याखाली एकच जेट. वरच्या डॅशपॉटमधलं तेल पिस्टनला झटकन उडू देत नाही, म्हणून पेडल दाबताच मिश्रण क्षणभर रिच होतं आणि पेट्रोलचा जादा झोत देणाऱ्या वेगळ्या पंपाची गरज उरत नाही. जुळवायच्या गोष्टी कमी असल्यामुळे असे दोन-तीन एकत्र चालवणं शक्य झालं.

युद्धानंतरचा काळ हा या मांडणीचा बहर. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार एक्सके१२०च्या ३४४२ सीसी इंजिनावर दोन एसयू होते, जाहीर ताकद १६० अश्वशक्ती. एक्सके१५० एस मध्ये तीन दोन-इंची एसयू आले आणि आकडा २५०वर गेला. साध्या एक्सके१५०च्या चांगल्या आवृत्तीत तो २१० होता. या चाळीसची वाहवा तिसऱ्या कार्ब्युरेटरला मिळाली, पण त्याच वेळी सरळ पोर्टचं (हवेच्या वाटेचं) नवं हेड आणि वाढवलेलं कॉम्प्रेशनही आलं होतं. १९६१च्या ई-टाइपने हाच तीन एसयूंचा संच पुढे नेला.

अमेरिकेत हडसनने हॉर्नेटच्या पाच लिटरच्या, बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या पद्धतीच्या इंजिनावर दोन कार्टर कार्ब्युरेटर लावून ‘ट्विन एच पॉवर’ म्हणून खपवले आणि स्टॉक कारच्या शर्यती गाजवल्या. १९५३च्या पहिल्या कॉर्व्हेटवर तीन आडवे कार्टर होते. आडवे, कारण बॉनेट इतकं बुटकं होतं की उभा कार्ब्युरेटर मावलाच नसता. आज आपण ज्याला रेसिंगचं लक्षण समजतो, त्यातलं काही केवळ जागेच्या अडचणीतून आलेलं आहे.

सगळ्यात बोलकी गोष्ट ऑस्टिन-हिली ३०००ची. १९६१च्या मार्क २ वर कारखान्याने तीन दीड-इंची एसयू चढवले. ताकद १३२ अश्वशक्तीपर्यंत गेली आणि मेकॅनिकांच्या तक्रारी सुरू झाल्या: तिन्ही सुरात राहत नाहीत. १९६२ साली कारखाना पुन्हा दोनांवर आला, या वेळी पावणेदोन इंची. आकडा १३१. एका अश्वशक्तीसाठी एवढा उपद्व्याप! वर सांगितलेल्या २४० अंशांच्या तालाकडे पाहिलं तर यात नवल नाही. दोन कार्ब्युरेटरांचा गळा अडतच नव्हता. याच घराण्यातल्या आधीच्या १००-६चं उदाहरणही पाहण्यासारखं आहे. त्याचा इनटेक मॅनिफोल्ड हेडच्या ओतकामातच होता. १९५७ मध्ये सुटा मॅनिफोल्ड असलेलं सहा पोर्टचं हेड आणि मोठे कार्ब्युरेटर आले, तेव्हा ताकद १०२वरून ११७ झाली. वाट मोकळी झाल्याने मिळालेलं तिसऱ्या कार्ब्युरेटरने मिळालेल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. तरीही आज तीन एसयूंच्या मार्क २ ला शौकिनांमध्ये जास्त मान आहे, आणि ती बॉनेट उघडल्यावर दिसते देखणीच.

वेबरचा मार्ग वेगळा. एदोआर्दो वेबर यांनी १९२३ साली बोलोन्यात सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे डीसीओई ही आडवी, दोन नळ्यांची मालिका आली. असे तीन लावले की प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी मिळते आणि वाटणीचा प्रश्नच मिटतो. मासेराती ३५०० जीटी, ॲस्टन मार्टिन डीबी४ जीटी ही त्यातली नावाजलेली उदाहरणं. जपानमध्ये मिकुनीने सोलेक्सच्या परवान्याने तशाच कार्ब्युरेटरांचे तिहेरी संच बनवले. टोयोटा २०००जीटी आणि १९६९ची स्कायलाइन जीटी-आर त्यांच्यावरच धावल्या. डॅटसन २४०झेडला मात्र एसयूच्या धर्तीचे हिताची दोनच होते, आणि गाडी त्यावर उत्तम चालली. ऑस्ट्रेलियात क्रायस्लरने व्हॅलियंट चार्जर ई४९च्या २६५ घनइंची इंजिनावर तीन ४५ डीसीओई बसवून ३०२ अश्वशक्ती जाहीर केली. ती शर्यतीसाठीच घडवलेली गाडी होती, तिथे हा खर्च शोभला.

सहा नळ्यांची किंमत जुळवताना मोजावी लागते. वेबरमध्ये स्वतःहून सावरणारा पिस्टन नाही. आयडल जेट, मेन जेट, इमल्शन ट्यूब, एअर करेक्टर (हवेचं माप ठरवणारा), व्हेंच्युरी (नळीचा अरुंद गळा) हे सगळं इंजिनाच्या स्वभावाप्रमाणे निवडायचं आणि प्रत्येक गोष्ट सहा नग घ्यायची. सुरुवातीचा ढोबळ हिशेब असा की व्हेंच्युरीच्या मिलिमीटरला चारने गुणलं की मेन जेट, त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर. ३४ची व्हेंच्युरी असेल तर १३५च्या आसपासचा जेट आणि १८५चा करेक्टर. तिथून पुढे रस्ता आणि प्लगचा रंग सांगेल तसं. बसवतानाही हे कार्ब्युरेटर मॅनिफोल्डला करकचून आवळायचे नसतात. मध्ये रबरी रिंग आणि स्प्रिंग वॉशर ठेवून किंचित हलू द्यावे लागतात, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने फ्लोट चेंबरमधल्या (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतल्या) पेट्रोलला फेस येतो. पंपाचा दाबही जपावा लागतो, एसयू असो वा वेबर. साधारण ३ पीएसआय पुरेसा असतो, जास्त झाला की फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह रेटला जाऊन कार्ब्युरेटर वाहू लागतो.

एसयूच्या ट्यूनिंगची रीत मात्र गेल्या कित्येक दशकांत फारशी बदललेली नाही. आधी टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग. इग्निशनमधलं मिसिंग कार्ब्युरेटरच्या माथी मारून स्क्रू फिरवणारे सगळ्या काळात होते. मग थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) स्पिंडलचा, म्हणजे आसाचा, खेळ पाहायचा. तिथे झीज असेल तर हवा चोरवाटेने आत येते आणि पुढचं सगळं व्यर्थ. पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘टक’ असा स्वच्छ आवाज करत खाली बसला पाहिजे. अडखळला तर जेट मध्यावर नाही. जेटचे नट पूर्ण वर नेऊन, जेट पुलाच्या (पिस्टनखालच्या उंचवट्याच्या) पातळीला आणून, प्रत्येकी दोन फेरे खाली, ही सर्वांची समान सुरुवात.

त्यानंतर कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लँप सैल करायचे. ही पायरी टाळली तर एकाचा स्क्रू दुसऱ्यालाही हलवतो आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. इंजिन गरम असताना प्रत्येक तोंडाशी रबरी नळी धरून, दुसरं टोक कानाला लावून, हिस्स आवाज ऐकायचा आणि आयडल स्क्रूने सगळ्यांची पट्टी एक करायची. पुढे यासाठी हवेचा प्रवाह मोजणारी छोटी मीटरं आली, पण सरावलेला कान अजून हार मानत नाही. हवा जुळली की मिश्रण. एका पिस्टनला जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर उचलायचं: वेग चढून तसाच राहिला तर रिच, इंजिन कोलमडलं तर लीन, क्षणभर किंचित चढून जागेवर आलं तर बरोबर. मिश्रण बदललं की आयडल बदलतो, म्हणून पुन्हा हवा पाहायची. काचेच्या खिडकीचा कलरट्यून प्लग लावून ज्वाला निळी आहे की पिवळी हेही पाहता येतं.

शेवटी क्लँप आवळून पंधराशे आरपीएमला पुन्हा तपासायचं. इथेच बरेच फसतात. आयडलिंगला सगळे एका सुरात असतात, पण पेडल दाबताच एक थ्रॉटल बाकीच्यांच्या आधी उघडतो आणि गाडी उचल घेताना झटका देते. दोष लिंकेजच्या (थ्रॉटलांना जोडणाऱ्या दांड्यांच्या) झिजलेल्या सांध्यांत असतो आणि माणूस जेट फिरवत बसतो.

या पद्धतीला उतरती कळा लागली ती १९६८पासून, अमेरिकेच्या धुराच्या नियमांनी. तिथल्या ई-टाइपवर तीन एसयूंच्या जागी दोन झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आले. ट्रायम्फने तर एकाच अडीच लिटर इंजिनाच्या दोन गाड्या केल्या: टीआर५ला लुकासचं पेट्रोल इंजेक्शन आणि अमेरिकेसाठी टीआर२५०ला दोन स्ट्रॉमबर्ग. पुढच्या काळात इंजेक्शन सर्वत्र पसरलं आणि सुईच्या जागी संगणक आला. एसयूचे सुटे भाग आणि नवे कार्ब्युरेटर इंग्लंडात अजून बनतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मिश्रण लीन होतं आणि जुनं रबर खराब होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांतले सुयांचे क्रमांक आता जसेच्या तसे लागू पडत नाहीत. काही जण डीसीओईच्याच बोल्टांवर बसतील अशा मापाच्या थ्रॉटल बॉडी लावून आत इंजेक्शन ठेवतात. मिश्रण संगणक पाहतो, पण सहा फुलपाखरी झडपा एकाच क्षणी उघडण्यासाठी तिथेही हवेचं मीटर आणि लिंकेजचा स्क्रू घेऊन बसावं लागतं.