८:१२ची फास्ट आणि डब्याचा नंबर

दर तिमाहीला तेच घडतं. मशिनांमधली सुरक्षेची भोकं शोधणाऱ्या स्कॅनरचा रिपोर्ट येतो, कोणीतरी तो एक्सेलमध्ये उघडतं, शेजारच्या शीटवर अॅसेट इन्व्हेंटरी (कंपनीच्या मशिनांची आणि त्यांच्या मालकांची यादी) ठेवतं आणि आयपीच्या (मशिनच्या नेटवर्कवरच्या पत्त्याच्या) कॉलमवर व्हीलूकअप (दुसऱ्या शीटमधली जुळणारी ओळ शोधणारं सूत्र) लावतं. जुळलेल्या ओळी हिरव्या, न जुळलेल्या लाल. दुपारपर्यंत हिरव्या ओळींची टिकेटं (मालक टीमला दुरुस्तीसाठी जाणाऱ्या नोंदी) निघतात आणि संध्याकाळी फोन सुरू होतात, "हा सर्व्हर आमचा नाहीच!" मग सगळे मिळून स्कॅनरच्या नावाने बोटं मोडतात. पण स्कॅनरने त्याचं काम नीट केलेलं असतं. आयपी अॅड्रेस आणि इन्स्टन्स आयडी ही एकच गोष्ट धरून चाललो, तिथेच गाडी रुळावरून उतरलेली असते.

आयपी काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. इन्स्टन्स आयडी मात्र बरेच जण नजरेआड करतात, कारण तो वाचायला किचकट दिसतो. एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या क्लाउडवर) मशिन जन्माला आलं की त्याला हा आयडी मिळतो: आधी 'आय' आणि आडवी रेघ, पुढे १७ हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ). मशिन बंद करून चालू करा, साइझ बदला, नाव बदला, पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) बदला, आयडी तोच राहतो.

मुंबईकराला हा फरक रोजच्या प्रवासातून कळायला हवा. ८:१२ची फास्ट ही एक वेळ आहे, टाइमटेबलमधली एक जागा. आज त्या वेळेला एक रेक (डब्यांची अख्खी माळ) धावतो, उद्या दुसरा. पंखा बंद असल्याची तक्रार "८:१२ची, मधला डबा" एवढीच दिली तर कारशेडमध्ये कोणता पंखा उघडायचा? त्यांना डब्यावर रंगवलेला नंबर लागतो. आयपी म्हणजे ८:१२, इन्स्टन्स आयडी म्हणजे डब्यावरचा नंबर. स्कॅनरने सापडवलेला दोष हा पंख्यासारखा असतो, तो डब्याबरोबर फिरतो.

आता जिथे खरोखर पाय घसरतो तिथे येऊ. पब्लिक आयपी बदलतो हे सगळ्यांना माहीत आहे; मशिन स्टॉप करून स्टार्ट केलं की नवा मिळतो, रीबूटने बदलत नाही, इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेला पत्ता) घेतला तर टिकतो. फसवतो तो प्रायव्हेट आयपी, आतल्या नेटवर्कवरचा पत्ता. स्टॉप-स्टार्टनंतरही तो मशिनला चिकटून राहतो, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पण मशिन टर्मिनेट झालं (कायमचं संपलं) की पत्ता सबनेटकडे (नेटवर्कच्या त्या तुकड्याकडे) परत जातो आणि पुढच्या कुठल्याही मशिनला मिळू शकतो. सबनेट /२६ चा असेल तर पत्ते ६४, त्यातले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, उरले ५९. ऑटो स्केलिंग (गर्दीप्रमाणे मशिनं आपोआप वाढवणं-घटवणं) चालू असलेल्या सिस्टिममध्ये ५९ पत्ते फिरून फिरून परत यायला वेळ लागत नाही.

डिसेंबर २०२१मध्ये, लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं त्या धावपळीत, मी एका ब्रोकिंग कंपनीत होते. बाजार सव्वानऊला उघडतो, त्याआधी मशिनं वाढायची. साडेतीननंतर ती कमी व्हायची. स्कॅन सकाळी अकराला चालला. इन्व्हेंटरी मात्र मध्यरात्री सिंक व्हायची. स्कॅनरने १०.२०.४.४४ वर लॉगफोरजेची कच्ची आवृत्ती पकडली. इन्व्हेंटरीत १०.२०.४.४४ होता आणि तो रात्रीचे रिपोर्ट बनवणाऱ्या टीमच्या नावावर होता. ओळ हिरवी. टिकेट त्यांना गेलं. त्यांच्या मशिनवर नुसत्या पायथनच्या स्क्रिप्ट, जावाचा पत्ताच नाही. त्यांनी दोन दिवस शोधलं आणि "फॉल्स पॉझिटिव्ह" लिहून टिकेट बंद केलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. भोक खरं होतं, फक्त ते सकाळी त्या पत्त्यावर असलेल्या ऑर्डर घेणाऱ्या मशिनमध्ये होतं. ते मशिन चार वाजता संपलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच इमेजमधून (मशिनच्या तयार साच्यातून), त्याच भोकासकट, नवी मशिनं उभी राहिली. हे मला आजही सलतं.

म्हणून लाल ओळींची मला काळजी वाटत नाही. लाल ओळ माणसाला विचारायला लावते. चुकीची हिरवी ओळ कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही, आणि जुळणीचा टक्का चढा दिसल्यावर मॅनेजमेंट खूश होतं. जुळणीच्या टक्क्यावर टीमचं मूल्यमापन करणं बंद झालं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी गुंतागुंत एकापेक्षा जास्त अकाउंट असले की येते. एडब्ल्यूएसच्या प्रत्येक अकाउंटमध्ये, प्रत्येक रीजनमध्ये (डेटा सेंटरच्या भौगोलिक विभागात) डिफॉल्ट व्हीपीसीचा (आपोआप मिळणाऱ्या खासगी नेटवर्कचा) पट्टा एकच असतो, १७२.३१.०.० पासून पुढचे ६५,५३६ पत्ते. मुंबई रीजन २०१६चा, हैदराबाद २०२२चा, पट्टा दोन्हीकडे तोच. डेव्ह, टेस्ट आणि प्रॉडक्शन अशी तीन अकाउंट असली की १७२.३१.४.१८ हा पत्ता एकाच वेळी तीन मशिनांवर असू शकतो आणि तिन्ही बरोबर असतात. व्हीलूकअप पहिली सापडलेली ओळ देऊन मोकळा होतो, बाकी दोन होत्या हे सांगतही नाही. या कामासाठी व्हीलूकअप वापरूच नये.

होस्टनेमने (मशिनच्या नेटवर्कवरच्या नावाने) जुळवू म्हणणाऱ्यांनी एकदा तो होस्टनेम डोळे उघडून वाचावा. बऱ्याच ठिकाणी तो प्रायव्हेट आयपीमध्ये टिंबाच्या जागी आडव्या रेघा घालूनच बनलेला असतो. नेम टॅगचं (मशिनला हाताने लावलेल्या नावाच्या चिठ्ठीचं) तर बोलायलाच नको. तो कोणीही लिहितो, कॉपी करतो, एकाच नावाची आठ मशिनं सुखाने नांदतात.

मग जुळवायचं कशावर? १२ आकडी अकाउंट नंबर, रीजन आणि इन्स्टन्स आयडी, तिन्ही एकत्र. एआरएनमध्ये (एडब्ल्यूएस प्रत्येक गोष्टीला देतं त्या लांबलचक ओळख-नावात) हे तिन्ही आयतेच असतात. स्कॅनरचा एजंट (छोटा प्रोग्राम) मशिनच्या आत बसलेला असेल तर तो १६९.२५४.१६९.२५४ वरच्या मेटाडेटातून (मशिनच्या स्वतःबद्दलच्या माहितीतून) आयडी वाचू शकतो, प्रश्नच मिटतो. बाहेरून नेटवर्कवर टकटक करणाऱ्या स्कॅनरला मात्र आयपीच दिसतो. तिथे प्रश्न बदलावा लागतो. "हा पत्ता कोणाचा?" असं न विचारता "या अकाउंटमध्ये, या व्हीपीसीत, स्कॅनच्या त्या मिनिटाला हा पत्ता कोणाकडे होता?" असं विचारायचं. त्यासाठी इतिहास हवा. अकाउंटमध्ये कोणी काय केलं याची नोंद ठेवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या क्लाउडट्रेलची आपोआप मिळणारी हिस्ट्री ९० दिवसांची असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेतच, तर ट्रेल (ही नोंद) बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणीत) साठवा आणि तेच लॉग इथेही वापरा.

अॅझ्युअरवाल्यांसाठी (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड वापरणाऱ्यांसाठी) एक सूचना. तिथला रिसोर्स आयडी म्हणजे सबस्क्रिप्शन, रिसोर्स ग्रुप आणि नाव जोडून केलेली वाट. मशिन डिलीट करून त्याच नावाने पुन्हा बनवलं की वाट तीच, मशिन वेगळं. तिथे व्हीएम आयडी (प्रत्येक मशिनचा स्वतंत्र आयडी) धरा. गूगल क्लाउडवर नावाऐवजी आकडी आयडी धरा.

व्हल्नरेबिलिटी (सॉफ्टवेअरमधलं भोक) आणि मिसकॉन्फिगरेशन (चुकीची मांडणी) यांतल्या फरकावरही लोक तास घालवतात. एक पॅचने जातं, दुसरं सेटिंगने. जुळणीच्या दृष्टीने त्याहून जास्त काही नाही.

टिकेट कोणाच्या नावावर काढायचं, हे मात्र ओळख पटल्यावरच ठरतं. संध्याकाळी संपणाऱ्या मशिनला पॅच लावून उपयोग नाही. ते ज्या इमेजमधून निघालं त्या इमेजच्या मालकाकडे टिकेट गेलं पाहिजे. आणि संपलेल्या मशिनची नोंद इन्व्हेंटरीतून पुसू नका. टर्मिनेट झालेलं मशिन एडब्ल्यूएसच्या कन्सोलवर जेमतेम तासभर दिसतं, नंतर तुमची यादी हाच त्याचा पुरावा.

आता जिथे काम करते तिथे आम्ही इन्व्हेंटरीत 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन कॉलम घातले आहेत. परवा एका आयपीवर शोध घेतला तर सहा ओळी आल्या, सहा वेगवेगळे इन्स्टन्स आयडी. स्कॅन ११:०७ला झाला होता. ती वेळ चौथ्या ओळीत बसली आणि टिकेट पहिल्याच फटक्यात पेमेंटवाल्या टीमकडे गेलं.