परसातला चैत्र: मोरीच्या पाण्यावर वाढलेली बाग

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, मोगऱ्याचा गजरा. दोनच दिवस आधी गुढीला कडुनिंबाचा पाला आणि आंब्याचा टाळा लागलेला असतो. हरभरे, गूळ सोडले तर यातलं बरंचसं एके काळी घराच्या मागच्या दारानं आत यायचं. चैत्राच्या आठवणी परसाला इतक्या चिकटून का असतात, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

आज परसबाग म्हटलं की हौस आठवते. जुन्या वाड्यांत तिचा संबंध हौसेपेक्षा चुलीशी जास्त. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर ओलांडलं की मागे आड किंवा हौद, न्हाणी, मोरी आणि त्यांच्या कडेनं झाडं. पुण्यात तर पेशवाईत, १८व्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून बांधीव नळानं शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं. पण ते पाणी घरातल्या वापराचं. झाडांच्या वाट्याला यायचं ते भांड्यांचं, अंघोळीचं आणि तांदूळ धुतलेलं. म्हणून मोरीच्या तोंडाशी केळ, अळू, कर्दळ, म्हणजे पाणी कितीही आलं तरी न कुजणारी मंडळी. शेवगा आणि कढीपत्ता कोरड्या बाजूला. तुळस वृंदावनात, मोगरा विहिरीपासून हाताच्या अंतरावर. नकाशा कुणी काढला नव्हता, सांडपाण्यानंच आखून दिला. कोकणात हेच गणित मोठ्या मापानं मांडलेलं दिसतं. तिथे रहाटाचं पाणी पाटानं आगरात जातं आणि नारळ-पोफळींच्या आळ्यांतून फिरतं. उन्हाळ्याच्या तोंडावर सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे सुरंगी फुलते आणि तिच्या वळेसरांचा, म्हणजे गजऱ्यांचा, वास घरभर पसरतो. घाटावरच्या माणसाला तो वास शब्दांत सांगून कळत नाही.

परसात आज जे 'आपलं' वाटतं, त्यातलं बरंच परकं आहे. मिरची, पेरू, पपई, काजू, लाल भोपळा, झेंडू, निशिगंध, देवळापुढचा पांढरा चाफा ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर यातली बरीचशी पश्चिम किनाऱ्यानं आत शिरली. अरणच्या सावता महाराजांच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगात कांदा-मुळ्याच्या सोबतीला मिरचीही आहे. महाराज १३व्या शतकातले, तेव्हा इथे मिरची असणं शक्य नाही. तोंडोतोंडी गाताना कुणाच्या तरी परसातली मिरची अभंगात शिरली असावी, असं मला वाटतं. चूक म्हणण्यापेक्षा ती परसबागेची रीतच म्हणावी. नवं रोप आलं की चार पावसाळ्यांत ते घरचं होतं.

उलट दिशेचीही एक नोंद आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. इथल्या झाडाझुडपांवर आणि औषधांवर त्यानं लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात आपल्या मुंबईच्या बेटावरचं, वर्षाला दोनदा फळ देणारं आंब्याचं झाड तो कौतुकानं सांगतो. त्याच्या घराच्या जागी पुढे बॉम्बे कॅसल उभा राहिला. आज तिथे नौदलाचा तळ आहे.

इंग्रजी अमदानीत बंगल्यांबरोबर क्रोटन आणि हिरवळ आली, आणि दारापुढची शोभेची बाग ही वेगळीच गोष्ट सुरू झाली. ती माळ्याच्या हातची. परस मात्र बायकांच्याच ताब्यात राहिला, म्हणून त्याचा लेखी इतिहास जवळपास नाही.

तो हातांतून पुढे गेला. मोगरा बियांनी लावत नाहीत. फांदी मातीत दाबून मुळं फुटली की तोडायची आणि लेकीबरोबर सासरी पाठवायची. म्हणजे लेकीकडचा मोगरा हा आईच्या मोगऱ्याचाच तुकडा. आमच्याकडे अजूनही झाडं माणसांच्या नावानं ओळखली जातात: आत्याचा मोगरा, दापोलीची जास्वंद. चैत्रात फूल हवं असेल तर तयारी थंडीतच करावी लागते. आजी पौषात मोगऱ्याचं पाणी तोडायची, पानं ओरबाडून काढायची, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना ऊन दाखवायची. झाड मेलं, असं आम्हाला दर वर्षी वाटायचं. मग शेणखत, मग भरपूर पाणी, आणि फाल्गुनात काड्यांवर मोहरीएवढ्या कळ्या. शिकवणी अशी कधी झालीच नाही. बादली धरायला उभं केलं जायचं, तेवढंच.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातले मुठेकाठचे कितीतरी वाडे गेले. १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. पुढच्या काही दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी इमारती चढल्या. परसाची झाली पार्किंगची जागा. तुळस आणि कढीपत्ता तेलाच्या डब्यातून गॅलरीत आले. केळ आणि अळू आले नाहीत, कारण मोरीचं पाणी आता थेट गटारात जातं.

खेड्यात मात्र परसबागेचं महत्त्व अलीकडे नव्यानं पटू लागलंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराभोवतीच्या बागेतूनच वाल, घेवडा, भात अशा गावरान वाणांचं बियाणं जपलं आणि इतर बायकांना वाटलं. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं बियाणं राखेत घोळून गाडग्यामडक्यांत राहतं, आणि ते उसनं नेणाऱ्यानं नंतर दुप्पट परत करायचं, अशी रीत आहे.

परदेशातल्या मराठी घरांमागे मेथी, कोथिंबीर आता नेहमीची झाली आहे. न्यू जर्सीत शेवटचं हिमदव सरल्यावर, म्हणजे मेच्या सुमाराला, रोपं बाहेर ठेवतात. कुंडीतला कढीपत्ता थंडीभर दिवाणखान्यात असतो. अडचण होते ती फांदी वाटताना. कढीपत्ता लिंबूवर्गाचा नातलग असल्यानं संत्र्या-मोसंब्यांचा रोग पसरवणारी कीड त्याच्यावरही पोसली जाते, म्हणून फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत हे रोप नेण्या-आणण्यावर निर्बंध आहेत. तिथल्या लेकीला आईकडच्या झाडाचा तुकडा मिळत नाही, परवानाधारक नर्सरीतून रोप विकत घ्यावं लागतं.