देव शे ना (खान्देशातला भरवसा)

‘देव शे ना’ हे अहिराणीतलं अगदी साधं वाक्य, म्हणजे ‘देव आहे ना’. धुळे, नंदुरबार, जळगाव आणि जुन्या हिशोबाने पार बुऱ्हाणपूरपर्यंतचा तापीकाठ म्हणजे खान्देश, आणि इथे कुणावर वेळ आली की भेटायला आलेला माणूस बराच वेळ गप्प बसतो आणि उठताना एवढंच बोलून जातो. रावेर-यावलकडे लेवा गणबोली चालते, तिथे शब्द वेगळे पण सूर तोच. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे आपल्याला लागेल तेवढं तो पुरवेल, आणि दुसरी म्हणजे जे झालं त्यात त्याच्या मनात काहीतरी असेल, आपल्याला आत्ता दिसत नाहीये इतकंच. पहिली गोष्ट लोक पटकन मानतात, दुसरीला मात्र वर्षं लागतात, आणि काहींना ती कधीच जमत नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही.

हा भरवसा नेमका कसा असतो हे बघायचं असेल तर देवळात जायच्या आधी जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरडवाहू वावरात जावं. मृग लागतो 7 जूनच्या आसपास, त्याच्या आधीच काही शेतकरी धूळपेरणी करतात, म्हणजे जमीन पूर्ण कोरडी, पाय टाकला की फुफाटा उडतो, आणि त्या धुळीत फुली पाडून कपाशीचं बियाणं टोचत जायचं. थैली 475 ग्रॅमची, पैसे बऱ्याचदा उसने, आणि वर ढग एकही नाही. पाऊस वेळेवर आला तर पीक आठ-दहा दिवस पुढे राहतं. नुसता शिडकावा होऊन उघडीप पडली तर कोंब जमिनीतच करपतो आणि दुबार पेरणी. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, बोंडअळीमुळे कपाशी लवकर लावू नका असंही सांगतात, ते बरोबरच आहे आणि ऐकावं. पण धूळपेरणी करणाऱ्या माणसाला मी जवळून पाहिलंय, तो बांधावर नारळ फोडतो, पहिलं बी टाकताना डोक्यावरची टोपी काढून हातात घेतो, आणि मग दिवसभर कंबर मोडेस्तोवर वाकून काम करतो. म्हणजे भरवसा ठेवून तो खाटेवर पडलेला नाही, भरवसा आहे म्हणूनच तो वावरात आहे. माझ्या मते खान्देशातल्या श्रद्धेची याहून चांगली व्याख्या कुठल्या पोथीत सापडणार नाही.

केळीवाल्यांचं थोडं वेगळं. वर्षभर पोसलेली बाग, घड कापणीला आलेले, आणि मे-जूनमध्ये अर्धा तास वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटलं की सगळी झाडं आडवी. तिथे ‘देव शे ना’ म्हणणारे लोक हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हप्ताही भरतात, आणि त्यांना यात काही विसंगत वाटत नाही, मलाही वाटत नाही.

बोलण्यातही हे उतरलेलं आहे. डब्यातलं पीठ संपलं तर जुन्या बाया ‘संपलं’ म्हणत नाहीत, ‘वाढलं’ म्हणतात. तसंच मीठ वाढलं, कुंकू वाढलं. माझी आजी रिकाम्या कोठीसमोर उभी राहून ‘जवारी वाढली गं’ म्हणायची आणि सुनेला शेजारी टोपलं घेऊन पाठवायची. मराठीत हे सगळीकडेच आहे, पण ज्या भागाने इतके दुष्काळ पाहिले तिथे हा शब्द कानावर जरा जास्तच पडतो.

विचाराचं मूळ जुनं आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ असं वचन आहे, जो अनन्य होऊन माझी भक्ती करतो त्याचा भार मी वाहतो अशा अर्थाचं, हेच शब्द एलआयसीच्या बोधचिन्हाखाली असतात त्यामुळे गीता न वाचलेल्यांनाही ते पाठ आहेत. खान्देशात या भक्तीचं मोठं ठिकाण म्हणजे संत मुक्ताई. लहानपणीच आईबाप गेले, गावाने वाळीत टाकलं, भावंडांनी भीक मागून दिवस काढले, आणि त्याच पोरीने रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ताटी उघडायला लावली. परंपरेप्रमाणे 1297 मध्ये तापीकाठी मेहुणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली. तिच्या नावावरून एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, आणि तिथली पालखी महिनाभराहून जास्त चालत पंढरपूरला जाते.

दुसरं नाव घेतलं जातं ते तुकोबांचं, ते देहूचे असले तरी. 1630 च्या आसपासच्या भयंकर दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, आणि नंतर त्यांनीच म्हटलं की बरं झालं देवा, दिवाळं निघालं. हेतू शोधणं म्हणजे काय ते इथे दिसतं, पण हे त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलं, दुसऱ्याच्या नाही, हा फरक फार महत्त्वाचा आहे. तोच दुष्काळ खान्देशावरही पडला होता, शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपूरला मुक्कामी होता आणि त्याने तिथे लंगर सुरू केले होते. पुढे 1896-97, 1899-1900, आणि अजून जिवंत माणसांच्या आठवणीतला 1972 चा. बहात्तरचं नाव काढलं की म्हातारी माणसं खडी फोडायची दुष्काळी कामं, तेव्हा वाटलेला सुकडीचा कोरडा खाऊ आणि लाल मिलो ज्वारी सांगतात. ‘देवाने मिलो पाठवला’ असंही कुणी म्हणतं. तो अमेरिकेतून आला होता हे त्यांना माहीत असतं, तरी म्हणतात.

पुरवठ्यावरचा विश्वास बघायला अजून एक जागा म्हणजे चैत्रातली सप्तशृंगीची पायी यात्रा. खान्देश हे देवीचं माहेर मानतात, म्हणून रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या दिवसांत ऐन उन्हात हजारो लोक गडाकडे चालत निघतात, खांद्यावर पिशवी, त्यात एक जोडी कपडे, जेवणाची सोय काही नाही. आणि रस्त्यावर अनोळखी लोक ताक, पाणी, कलिंगडाच्या फोडी, पोटभर जेवण घेऊन उभे असतात, हातापाया पडून थांबवतात. चालणारा म्हणतो देवीने दिलं आणि देणाराही तेच म्हणतो.

ही समज एका धर्माची नाही. सातपुड्यातले आदिवासी याहामोगीला धान्य देणारी माता मानतात आणि महाशिवरात्रीला गुजरातेत देवमोगऱ्याला जाऊन नवं धान्य वाहतात. नवापूरकडच्या चर्चमध्ये येशूचं वचन वाचतात की आकाशातली पाखरं पेरत नाहीत की कापत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. मुसलमान घरांत याला तवक्कुल म्हणतात, आणि आधी उंट बांध आणि मग अल्लावर सोड ही शिकवण त्यासोबतच येते.

उंटाची ती गोष्ट आणि आपली म्हण एकच. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशी माणसाला टोचायला आहे, पण काही लोक ती श्रद्धेची व्याख्या समजून भरवशाची टिंगल करतात. त्यांनी बहिणाबाई चौधरींचं आयुष्य बघावं. आसोद्याची 1880 ची लेक, अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरी मुलं. तिने ज्योतिषाला सांगितलं की माझा हात बघू नको, माझ्या दारी येऊ नको, माझं दैव मला कळतं. देव मानणारी बाई भविष्य विचारत नाही, जात्यावर बसते आणि ओवी रचते.

वाईट वापरही होतो, ते लिहिलं पाहिजे. कर्जापायी कुणी जीव दिला त्या घरात जाऊन ‘देवाची मर्जी’ म्हणणं हे पाप आहे असं मला स्पष्ट वाटतं. आजारी माणसाला डॉक्टरकडे न नेता अंगारा लावून बसवणं हेही भरवशाच्या नावावर खपवतात. ज्याच्यावर आलंय त्याने म्हटलं तर ती श्रद्धा, बाहेरच्याने त्याच्या तोंडावर मारलं तर तो जुलूम.

अशा घरी आपल्याकडे जे करतात ते बोलण्यापेक्षा कितीतरी बरं आहे. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारच्या आणि सोयऱ्यांच्या घरून पिठलं-भाकरी येते, त्याला कडू घास म्हणतात. आजोबा गेले त्या रात्री आमच्याकडे पहिलं टोपलं आलं ते ज्या घराशी बांधावरून सात वर्षं बोलणं बंद होतं त्या घरातून. काकू दारातच उभ्या राहिल्या, टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं, आणि माझ्या आईला म्हणाल्या, पोरांना आधी वाढ.