गुजरीतली पेढी आणि १४ कॅरेटचा नियम

कोल्हापूरच्या गुजरीत, अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, मारवाडातून आलेल्या एका कुटुंबाची पेढी आहे. सुरुवात गहाणवटीच्या व्यवहारातून झाली, दागिने नंतर आले. कोल्हापुरी साज, म्हणजे सोन्याची पानं ओवलेला गळ्यातला दागिना, घडवणारे हात मात्र इथल्या सोनारांचे. पेढीची हकीकत सांगताना हेच हात गाळले जातात, म्हणून १९६३ पासून सांगायला हवं.

चीनशी युद्ध होऊन गेलेलं, परकीय चलनाची चणचण, त्यात सोन्याची चोरटी आयात. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, १४ मध्ये ५८.३. साजाचं पान करताना हा फरक हाताला कळतो. पातळ पत्रा ठशावर ठोकून मत्स्य, कूर्म उठवायचे, मागच्या पोकळीत लाख भरायची, मग मधे जवमणी, म्हणजे जवाच्या आकाराचे मणी, घालून ओवायचं. २२ कॅरेटचा पत्रा ठशात अलगद बसतो. १४ चा ताठ, परत परत तापवावा लागतो. आणि लग्नात लेकीच्या गळ्यात हलकं सोनं घालायला कुठली आई तयार होईल? कामं थांबली. देशभर सोनारांनी मोर्चे काढले, काहींनी जीव दिला. भट्ट्या थंडावल्या, तशी राख धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांना धुवायला राखही उरली नाही.

१४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. तिथं प्रकरण मिटलं असं म्हणतात, मला ते पटत नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं परवानाधारक व्यापारी वेगळा आणि प्रमाणपत्रधारक सोनार वेगळा केला. नोंदवह्या ठेवणं या कुटुंबाच्या रक्तातच होतं, त्यांना परवाना मिळाला. ज्याचे ठसे, तो मजुरीवर आला. १९९० मध्ये कायदा रद्द झाला तोवर सोनारांच्या कितीतरी मुलांनी दुसऱ्या वाटा धरल्या होत्या. आता माडीवर बंगालहून आलेले कारागीर बसतात, तेही घर सोडून आलेलेच. २१ पानांचा साज क्वचित घडतो, १०-१२ पानांवर भागवतात.

१६ जून २०२१ पासून हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकही. तो क्रमांक मोबाईलवर टाकला की दागिना कुठल्या पेढीचा ते समजतं. कुणी घडवला, त्याची नोंद त्यात नसते.