शाळेचा डबा (मराठवाडा)

शाळेचा डबा म्हणजे बालवाडी ते चौथीच्या मुलांनी सुट्टीत खाण्यासाठी घरून नेलेले अन्न. शासकीय व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पीएम पोषण योजनेतून शिजवलेले जेवण मिळते. प्राथमिक वर्गात दर मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असा त्याचा हिशेब आहे. तिथे डबा लागतो तो छोट्या सुट्टीपुरता. खासगी विनाअनुदानित शाळांत मात्र दुपारी घरी येईपर्यंत मुलाची सगळी भिस्त डब्यावरच असते.

मराठवाड्यात डब्यात काय द्यायचे हे आधी ऊन ठरवते. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालचा वर्ग बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापतो. शिजवलेल्या अन्नात 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. असे अन्न दोन तासांच्या आत आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात खावे, हा सर्वमान्य नियम आहे. सकाळी सातला भरलेला डबा साडेदहाला उघडत असेल, तर ओलसर पदार्थाच्या बाबतीत हा नियम पाळणे शक्यच नाही. म्हणून उन्हाळ्यात वरण, पातळ भाजी, दही, पनीर, खोबऱ्याची ओली चटणी आणि चिरलेले टरबूज डब्यातून वगळावे. या भागात प्रवासाला नेण्याचे जे पदार्थ आहेत, म्हणजे दशमी, धपाटे, कोरडा झुणका, शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी, तेच शाळेलाही चालतात, कारण त्यांत पाणी कमी असते.

सर्वांत जास्त चूक भाताच्या बाबतीत होते. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी घालून डब्यात देण्याची पद्धत घरोघरी आहे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजवतानाही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही. मुलाला साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भाताला वास येत नाही, तार सुटत नाही, त्यामुळे चाखून काहीच कळत नाही. भात द्यायचाच असेल तर सकाळी ताजा शिजवून गरम राहणाऱ्या डब्यात द्यावा. त्या डब्यात आधी उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून ओतून टाकावे, मगच वाफाळता भात काठोकाठ भरावा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो.

धपाट्यांचे प्रमाण असे : दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी डाळीचे पीठ, एक चमचा तीळ, अर्धा चमचा ओवा, पाव चमचा हळद, मीठ आणि मूठभर बारीक चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर. मोठ्यांच्या धपाट्यात मिरची-लसणाचा ठेचा पडतो. लहानांसाठी अर्धा चमचा तिखट पुरे. पीठ भाकरीपेक्षा सैल भिजवावे. ओल्या फडक्यावर थापून मध्ये चार-पाच भोके पाडावीत, फडक्यासह तव्यावर पालथे घालून फडके अलगद सोडवावे. भोकांत तेल सोडले की मधला भाग कच्चा राहत नाही. कच्चे राहिलेले धपाटेच दुपारपर्यंत आंबूस होते. कणीक वगळू नये : ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारे गव्हातले चिकट प्रथिन, नसते, त्यामुळे नुसत्या ज्वारीचे धपाटे गार झाले की कडक होऊन मोडते आणि मूल ते तसेच परत आणते. एवढ्या पिठात तळहाताएवढी सात-आठ होतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाला एक, फार तर दीड पुरते.

तव्यावरून उतरवलेले लगेच डब्यात घालू नये. झाकणाला वाफ धरते, तिचे पाणी खाली टपकते आणि कोरडा पदार्थही ओला होतो. जाळीवर किंवा सुती फडक्यावर दहा-पंधरा मिनिटे पसरून निवू द्यावे. सकाळच्या घाईत हीच पायरी गळते, म्हणून पोळ्या-धपाटे आधी आणि मुलाची आंघोळ नंतर असा क्रम लावणे सोयीचे.

चटणीचे शेंगदाणे निवडून घ्यावेत. सुरकुतलेला, हिरवट-काळसर बुरशीचा किंवा कडू दाणा टाकूनच द्यावा. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते आणि ते भाजल्याने जात नाही. चटणी एक चमचा, तेल किंवा तुपात कालवून द्यावी. कोरडी भुकटी लहान मुलाला ठसका लावते. चार वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे व फुटाणे देऊच नयेत. द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात, बोरांतली आठोळी काढावी.

ज्वारी-बाजरीत लोह असते, पण ते अंगी लागण्यासाठी जोडीला क जीवनसत्त्व हवे. लिंबाची फोड, पेरू किंवा जालन्याच्या मोसंबीच्या बिया काढलेल्या चार-पाच फोडी तेवढ्यासाठी पुरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातून 2018 मध्ये आलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे. ती मिळाली तर जरूर घ्यावी. उन्हाळ्यात फळ चिरून देण्यापेक्षा अर्धापूरकडचे एखादे लहान केळे सालासकट द्यावे. ते चिघळत नाही आणि त्याला वेगळी डबी लागत नाही.

डबा स्टीलचा, दोन कप्प्यांचा आणि मुलाला स्वतः उघडता येईल असा असावा. विकत घेण्याआधी दुकानातच मुलाकडून क्लिप उघडून पाहावी. ॲल्युमिनियमच्या डब्यात किंवा चांदीच्या कागदात लिंबू, लोणचे, टोमॅटो, दही ठेवू नये. आंबटाने धातू अन्नात उतरतो. वर्तमानपत्रात काहीही गुंडाळू नये, शाईतली घातक द्रव्ये तेलकट पदार्थाला लागतात. दोन सुती फडकी आलटून-पालटून वापरली की कागद, पिशवी, रोजचा कचरा यांपैकी काही उरत नाही.

खरा कचरा उरलेल्या अन्नाचा असतो. मुलाला उरलेले बाहेर न टाकता घरी आणायला सांगावे आणि त्यावरून रागावू नये, नाहीतर ते वाटेत रिकामे करून येते. सलग तीन दिवस तेच उरत असेल तर प्रमाण कमी करावे. परत आलेले अन्न संध्याकाळी कुणालाही वाढू नये. आंबलेले किंवा बुरशी धरलेले नसेल तर गुरांना घालावे.

टंचाईच्या काळात डबा धुण्याची काटकसर होते आणि वास तिथूनच सुरू होतो. आधी खरकटे कोरड्या फडक्याने पुसून घेतले तर पाणी निम्म्याने लागते. झाकणातली रबरी रिंग रोज काढून घासावी, तिच्याखालच्या खाचेत बुरशी धरते. डबा उन्हात उघडा वाळवावा, आणि रिंग सैल किंवा काळी पडली की बदलावी.